हावड्याची सुई, कुलाब्याचं लोहचुंबक आणि गोदीतलं सोनं

(वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या ताई परळच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतून तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झाल्या आहेत. मुक्काम लालबाग.)

ताई, प्लेगचे जंतू टोचून खून केल्याची एक गोष्ट व्हॉट्सअॅपवर फिरते आहे. तिच्यात मुंबईचंही नाव आहे. खरी की थाप? – एक वाचक, डोंबिवली पूर्व

खरी. मजकुरात ‘राजपुत्र’, ‘शाप’ वगैरे जे घुसडलंय तेवढं सोडून द्या. उरतं ते पुरेसं भयंकर आहे.

पाकुड ही तेव्हाच्या संथाळ परगण्यातली मोठी जमीनदारी. वारस दोन सावत्र भाऊ. थोरला बिनोयेंद्र पांडे, धाकटा अमरेंद्र. धाकटा सज्ञान झाला, आपला हिस्सा मागू लागला आणि थोरल्याच्या चैनीला खीळ बसायची वेळ आली. १९३२ मध्ये देवघरला थोरल्यानं भावाच्या नाकावर एक चिमट्याचा चष्मा इतक्या जोरात दाबून बसवला की कातडी फाटली. थोड्याच दिवसांत अमरेंद्रला धनुर्वात झाला. धनुर्वातावरचं सीरम (तयार प्रतिविष) देऊन कसाबसा वाचला.

मग २६ नोव्हेंबर १९३३. कलकत्त्याचं हावडा स्टेशन, गर्दीची वेळ. अमरेंद्र घरच्या माणसांबरोबर पाकुडला निघालेला. खादी घातलेला एक सावळा, बुटका इसम त्याला घासून गेला आणि दंडात काहीतरी टोचलं. बाही वर करून पाहिलं तर टोचल्याची खूण. काहीजण म्हणाले, आज जाऊ नका, डॉक्टरला दाखवा. निरोप द्यायला थोरला भाऊ हजर होताच. त्यानं हसण्यावारी नेलं. अमरेंद्र गेला, ताप घेऊन कलकत्त्याला परतला आणि ४ डिसेंबरला वारला.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. रोग्याची काखेतली गाठ सुजली होती. प्लेग पसरवणाऱ्या पिसवा बहुतेक पायाला चावतात, म्हणून प्लेगची गाठ जास्त करून जांघेत येते. इथे दंडात टोचलं आणि गाठ काखेत आली. एवढ्यावरूनच एखाद्या जुन्या डॉक्टरच्या कपाळाला आठी पडली असती. सुदैवानं कोणाला तरी रक्त कल्चरला पाठवायची बुद्धी झाली. रक्त पोषक द्रवात घालायचं, बाटली उबवणीपेटीत ठेवायची आणि काही वाढतंय का बघत बसायचं, याला दिवस लागतात. रिपोर्ट आला तेव्हा माणूस गेलेला होता, अग्निसंस्कारही झालेले होते. रिपोर्टमध्ये प्लेगचे जिवाणू निघाले. कलकत्त्यात तेव्हा प्लेगची साथच नव्हती. ती बाटली नसती तर ‘ताप येऊन गेला’ एवढंच घरात बोललं गेलं असतं.

आता आपली मुंबई. प्लेगचे जिवंत जिवाणू तेव्हा पाळले जात ते परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये. कलकत्त्याच्या तारानाथ भट्टाचार्य या डॉक्टरनं, ‘प्लेगवर औषध शोधलंय, तपासून पाहायचंय’ या सबबीवर तिथून कल्चर मागवलं. उत्तर आलं, सर्जन जनरलची परवानगी आणा. सरकारी खात्याच्या असल्या उत्तरांना आपण आयुष्यभर शिव्या घालतो. पण त्या उत्तराबद्दल मला मनापासून आदर आहे. त्या एका ओळीमुळे अमरेंद्रला आयुष्य वाढून मिळालं.

पण समोरचं दार बंद झालं की लोक बाजूचं शोधतात. १९३३च्या उन्हाळ्यात बिनोयेंद्र स्वतः मुंबईत येऊन ओळखी काढू लागला. अखेर आर्थर रोडच्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात, म्हणजे आपल्या सात रस्त्याजवळच्या आजच्या कस्तुरबात, तारानाथला काम करायची मुभा मिळाली. तिथे त्यानं जिवाणूंची चाचणी पांढऱ्या उंदरांवर घेतली. उंदीर मेले. औषध शोधणाऱ्याला उंदीर जगवायचे असतात, याला ते मेलेलेच हवे होते. काम झाल्याबरोबर दोघं कलकत्त्याला परतले.

पुढे पोलिस मुंबईत आले, माणसं ओळखली गेली आणि साखळी जुळली. १९३५ मध्ये सत्र न्यायालयानं दोघांना फाशी सुनावली, १९३६च्या जानेवारीत कलकत्ता उच्च न्यायालयानं ती काळ्या पाण्यावर आणली. संशयित म्हणून धरलेले आणखी दोन डॉक्टर सुटले. खादीवाला मात्र शेवटपर्यंत सापडला नाही.

हाफकिनसाहेबांच्या लसीनं माणसं मेली आणि सरकारनं त्यांना हाकललं, असं आमचे आजोबा सांगायचे. – एक वाचक, काळाचौकी

आजोबांचं अर्धं बरोबर. उरलेलं अर्धं सांगते, कारण परळला इतकी वर्षं राहून ते माहीत नसलेले लोक मला रोज भेटतात.

१८९६च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. ओडेसाचे ज्यू, पाश्चरच्या संस्थेत तयार झालेले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एवढीशी जागा आणि मोजके नोकर मिळाले. त्यांनी जिवाणू वाढवले बकऱ्याच्या मांसाच्या रसात, कारण गाईचं किंवा डुकराचं मांस वापरलं असतं तर लस कोणी टोचून घेतली नसती. आणि त्या रसावर तरंगवलं तूप! तुपाच्या थेंबांना धरून जिवाणू खाली लोंबत वाढतात, झुंबराच्या लोलकांसारखे. बाटली हलवली की ते तळाशी पडतात आणि वर नवे धरतात. मुंबईत सहज मिळणाऱ्या वस्तूंतून जमवलेली ही रीत. मला त्यांच्या सगळ्या कामात हे तूप सर्वांत जास्त आवडतं. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वखुशीनं पुढे आलेल्या कैद्यांना. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली.

आता मरणांबद्दल. ३० ऑक्टोबर १९०२, पंजाबातलं मलकोवाल गाव. त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वातानं गेले आणि ते एकोणीसही एकाच बाटलीतून टोचलेले. बाटलीचा क्रमांक ५३-एन. चौकशी बसली. हाफकिन यांनी लस टिकवायला कार्बोलिक हे जंतुनाशक घालायचं सोडून नुसत्या उष्णतेवर भर दिला होता. आयोगानं तेच धरलं आणि दोष परळवर आला. त्यांना कामावरून दूर केलं.

हे शेवटपर्यंत टिकलं नाही, आणि का टिकलं नाही ते बघा. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो कार्बोलिकमध्ये नुसता बुडवून त्यानंच बूच काढलं. धनुर्वाताचा जिवाणू मातीत असतो, शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. बरं, बाटली परळला भरून एक्केचाळीस दिवस झाले होते. जिवाणू तिथेच शिरला असता तर इतक्या दिवसांत बूच काढताच घाण वास आला असता, धनुर्वाताचं कल्चर ज्यानं हुंगलंय तो तो वास विसरत नाही. उघडणाऱ्या डॉक्टरला वास आलेला नव्हता. शिवाय माणसं आजारी पडायला आठवडा लागला. आधीच विष साचलेलं असतं तर इतका वेळ लागला नसता.

हे सगळं सरकारच्या गळी उतरायला मात्र वर्षं गेली. मलेरियाच्या डासाचा छडा लावणारे रोनाल्ड रॉस यांनी इतर शास्त्रज्ञांना बरोबर घेऊन जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये जाहीर पत्र छापलं. तेव्हा कुठे डाग पुसला. हाफकिन परत आले ते कलकत्त्याला, कारण मुंबईची त्यांची खुर्ची भरलेली होती. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं १९२५ मध्ये. चिमट्याचं म्हणाल तर आमच्या लॅबमध्ये नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी मलकोवाल सांगत असे. खाली पडलेली वस्तू पुन्हा ट्रेमध्ये ठेवणारं मग कोणी राहत नसे.

आमच्या अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचा मुंबईच्या ट्रामशी संबंध आहे म्हणे. काय तो? – एक शिक्षक, अलिबाग

ट्राम नसती तर ती वेधशाळा तुमच्याकडे आलीच नसती!

कुलाब्याला १८२६ मध्ये वेधशाळा झाली. पुढे तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवू लागले. टांगलेलं लोहचुंबक, त्याची हालचाल दुर्बिणीतून बघायची आणि हातानं वहीत आकडा लिहायचा. एरवी ठरावीक वेळी आणि चुंबक बिथरलं की दर काही मिनिटांनी. ज्यांनी पाळीत काम केलंय त्यांना कळेल हे किती कंटाळवाणं असतं.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरचे डाग रेखाटत बसला होता. तेवढ्यात डागांच्या घोळक्यात पांढरा लखलखाट झाला आणि काही मिनिटांत विझला. मुंबईत तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास कुलाब्याचं चुंबक कोसळलं. आडव्या क्षेत्राचा आकडा सुमारे १६०० नॅनोटेस्लानं (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) खाली गेला, म्हणजे जवळपास चार टक्के. तिकडे अमेरिका-युरोपात तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या, ध्रुवाकडे आकाशात दिसणारा अरोरा नावाचा रंगीत प्रकाश कॅरिबियन बेटांपर्यंत दिसला. उत्तरेकडच्या बऱ्याच वेधशाळांची उपकरणं मोजपट्टीच्या बाहेर गेली, त्यामुळे तिथला खरा आकडा हातीच लागला नाही. विषुववृत्ताजवळच्या आपल्या कुलाब्यानं मात्र सगळी घसरण वहीत उतरवली. ज्या माणसानं ती उतरवली त्याला सूर्यावर काही झाल्याचं स्वप्नातही ठाऊक असायचं कारण नव्हतं.

त्या वहीचं मोल कळलं २००३ मध्ये. अमेरिकी, ब्राझिली आणि आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कुलाब्याचे आकडे काढून ते वादळ नव्यानं मोजलं. तुलनेसाठी सांगते, मार्च १९८९ मध्ये कॅनडातल्या क्विबेकची वीज नऊ तास घालवणारं वादळ सुमारे ५८९ नॅनोटेस्लांचं होतं. (ते मोजमाप पृथ्वीभरच्या तासातासाच्या सरासरीचं आणि कुलाब्याचं एका ठिकाणचं, तेव्हा दोन आकड्यांची सरळ वजाबाकी करू नका.)

आता ट्राम. मुंबईत १८७४ पासून ट्राम घोडे ओढत. घोड्यांचं चुंबकाशी काही वाकडं नव्हतं. विसावं शतक उजाडताना विजेच्या ट्रामची बोलणी सुरू झाली आणि वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक डॉ. नानाभाई मूस सावध झाले. ट्रामचा प्रवाह रुळांतून परतताना जमिनीतही झिरपतो. त्या गोंधळात सूर्याचं काय आणि गिरगावच्या ट्रामचं काय, वेगळं काढणं अशक्य. म्हणून समुद्रापलीकडे, तेव्हा वीज नसलेलं अलिबाग निवडलं. इमारत लोखंड न वापरता, चुंबकत्व नसलेल्या दगडात बांधली. १९०४ मध्ये काम सुरू झालं आणि १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला सांधता यावी. ही दोन वर्षांची दुहेरी मेहनत मला सगळ्यात थोर वाटते. १९०७च्या मे महिन्यात विजेची ट्राम धावली. १९६४ मध्ये ट्राम बंद पडली. वेधशाळा चालू आहे. मुलांना घेऊन जा, पण आधी विचारून.

१९४४च्या गोदीतल्या स्फोटात सोन्याचा पाऊस पडला होता का? आमच्या चाळीत तर जो तो म्हणतो, अमक्याच्या पणजोबांना वीट मिळाली. – एक वाचक, डिलाईल रोड

प्रत्येक चाळीत असे एक पणजोबा आहेत. त्या सगळ्यांच्या विटा जमवल्या तर बोट बंदरातच बुडली असती.

एस. एस. फोर्ट स्टिकीन ही बोट बर्कनहेडहून कराचीमार्गे आली होती. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं आणि दारूगोळा, कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी, तेलाची पिंपं आणि जवळपास ८ लाख ९० हजार पौंडांचं सोनं. स्फोटकांवर कापूस रचायची कल्पना ज्याची असेल त्याला मी शिपायाचीही नोकरी दिली नसती. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत दुपारी धूर दिसला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. धक्का सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला. आमच्या सासूबाई सांगत, मांडणीवरची भांडी खाली आली आणि लोक ‘जपानी आले’ म्हणून पळाले. सेन्सॉरनं बातमी दाबून धरली होती, मग दुसरं काय होणार? शेकडो माणसं मेली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान. १४ एप्रिलपासून पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्यासाठी आहे.

सोन्याचं म्हणाल तर एक वीट खरोखर मैलभर दूर एका पारशी गृहस्थाच्या घरात येऊन पडली. बारा किलोहून जड. त्यांनी ती परत केली, ९९९ रुपये बक्षीस मिळालं आणि तेही त्यांनी मदतकार्याला दिलं. बाकी सोनं गोदीच्या गाळात रुतलं आणि गाळ उपसताना पुढे कित्येक वर्षं मिळत राहिलं.

शिवकर बापूजी तळपदे यांनी राइट बंधूंच्या आधी, १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं. तुम्ही यावर का लिहीत नाही? – एक वाचक, ठाकूरद्वार (यांचं हे तिसरं पत्र)

घ्या, लिहिते. रागावू नका.

तळपदे होऊन गेले. चिराबाजारचे, संस्कृतचे जाणकार, विमानाच्या ध्यासानं झपाटलेले. इथवर माझं काही म्हणणं नाही. विमान दीड हजार फूट उडालं, वर्तमानपत्रात छापून आलं, बडे लोक बघायला होते, असं सांगतात. मी दर सांगणाऱ्याला एकच विचारते, तारखेसह तो अंक दाखवा. आजवर मला कोणी दाखवलेला नाही. १८९५ची मुंबई म्हणजे जंगल नव्हे. मराठी, गुजराती, इंग्रजी छापखाने होते, चौपाटीवर गर्दी होती, आणि विमान उडालं तर दोन कोळणींच्या भांडणाइतकी तरी बातमी होईल की नाही?

विमान पाऱ्यावर चालायचं, असंही म्हणतात. पाऱ्याच्या आयनांचं इंजिन ही थाप नाही, नासानं १९६४ मध्ये ते अवकाशात चालवून पाहिलंय. पण त्याचा जोर दोन-तीन ग्रॅम वजनाइतका. अवकाशात चालतं, चौपाटीच्या वाळूवरून कागदी होडीही उचलणार नाही. आणि ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चं नाव घेतात तो ग्रंथ सुब्बराय शास्त्रींनी १९१८ ते १९२३ मध्ये तोंडी सांगितला, तळपदे गेल्यानंतर. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये त्यातल्या आकृत्या तपासल्या. ती यंत्रं उडूच शकत नाहीत आणि ग्रंथ १९०४ च्या मागे जात नाही, असा त्यांचा निष्कर्ष.

चौथं पत्र पाठवा, जरूर पाठवा. सोबत अंकाची झेरॉक्स जोडा. मी पहिल्या पानावर छापायला सांगेन.

‘खोटी सीबीआय धाड’ मुंबईत झाली होती ती नेमकी कुठे? – एक वाचक, माहीम

ऑपेरा हाऊसला, १९ मार्च १९८७ रोजी, त्रिभोवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीवर. मोन सिंग असं नाव सांगणाऱ्या एकानं दोन दिवस आधी टाइम्स ऑफ इंडियात नोकरीची जाहिरात दिली, ताजमध्ये मुलाखती घेतल्या आणि २६ जणांना ‘अधिकारी’ नेमलं. ती पोरं खरोखर सरकारी नोकरी लागली म्हणून आनंदात. दुसऱ्या दिवशी त्यांना बसनं नेऊन दुकानावर धाड घातली. ‘नमुने’ म्हणून दागिने पिशव्यांत सील केले. मग साहेब दुसरी धाड बघून येतो म्हणून निघाले ते आजतागायत यायचे आहेत. ऐवज तीस-पस्तीस लाखांचा. मला त्या सव्वीस जणांचं वाईट वाटतं. पोलिसांनी आधी त्यांनाच धरलं, आणि घरी पेढे वाटून झाले असतील ते वेगळंच.

घारापुरीचा दगडी हत्ती कुठे गेला? – इयत्ता आठवीची एक विद्यार्थिनी, उरण

भायखळ्याला. याच हत्तीवरून पोर्तुगीजांनी तुमच्यासमोरच्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले होते. उचलताना तो निसटला आणि त्याचे तुकडे झाले. तुकडे राणीच्या बागेत आणून टाकले, १९१४ मध्ये पुन्हा जोडले. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. जवळ गेलीस तर सांधे दिसतील. पेंग्विनच्या रांगेत उभं राहायच्या आधी तिकडे जा, तिथे रांग नसते.